बुधवार पेठेत कुणीच जेवत नाही

पुण्यातल्या माणसाला मिसळ कुठे खाल्ली म्हणून विचारा, तो सांगेल तुळशीबागेत. जेवण? लक्ष्मी रोडला. पेढे दगडूशेठ गणपतीपाशी घेतलेले असतात, चहा सिटी पोस्टाजवळ झालेला असतो आणि वडापाव एबीसीला, म्हणजे अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या पिशव्या सांभाळत उरकलेला असतो. एबीसीचा एखादा कोपरा शेजारच्या पेठेत घुसतो आणि लक्ष्मी रस्ता तर अर्ध्या शहरातून फिरून येतो, हे मान्य करूनही या सगळ्या खाण्याचा टपाली पत्ता बहुतेक वेळा एकच निघतो: बुधवार पेठ, पुणे २. पण 'आज बुधवार पेठेत जेवून आलो' हे वाक्य घरच्या मंडळींसमोर, नेहमीच्या आवाजात, हात पुसता पुसता उच्चारणारा पुणेकर अजून जन्माला यायचा आहे. इथे खाताना तोंड उघडतं आणि नाव घेताना मिटतं.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पेठेतल्या काही गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या बायकांची मोठी वस्ती आहे, आणि शहराने अख्ख्या पेठेचं नाव त्या काही गल्ल्यांच्या नावे करून टाकलं आहे. बाहेरगावच्या पाहुण्याने रिक्षात बसून नुसतं 'बुधवार पेठ' म्हटलं तर रिक्षावाला मीटर टाकण्याआधी आरशात बघतो. तोच पाहुणा 'दगडूशेठ' म्हणाला तर रिक्षावाला आदराने पुढे बघतो. रिक्षा दोन्ही वेळा त्याच पेठेत जाते. हा संकोच रिक्षापुरता राहिला नाही. भुयारी मेट्रोच्या आराखड्यात 'बुधवार पेठ' नावाचं स्थानक होतं. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला तेव्हा त्या स्थानकाचं नाव 'कसबा पेठ' झालेलं होतं. त्याला भूगोलाचं चांगलं कारण असेलही. पण ज्या शहरात 'स्टेशनजवळ' म्हणून जाहिरात केलेला फ्लॅट वाघोलीत निघतो, तिथे भूगोल नेमका बुधवारापाशीच एवढा काटेकोर का होतो, हा प्रश्न उरतोच. तसं पेठेला नावबदल नवा नाही. औरंगजेबाच्या काळात ती मोहियाबाद होती. त्या नावानेही कुणी जेवल्याचं सांगत नाही.

तरीही या मौनाचं खापर सगळं लोकलाजेवर फोडणं बरोबर नाही. त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते पेठेची अब्रू वाढवणारं आहे. बुधवार पेठेत जेवलो असं कुणी म्हणत नाही, कारण बुधवार पेठेत जेवायला कुणी जातच नाही. लोक तिथे पुस्तकं आणायला जातात, वायर आणि होल्डर आणायला जातात, बांगड्या, पितळी समया, लग्नाचा बस्ता, गणपतीचं दर्शन यांसाठी जातात, आणि मग त्यांना भूक लागते. बाणेर-बालेवाडीला खाणं हेच काम असतं. तिथे माणूस घरून भूक घेऊन निघतो, वाटेत चार ठिकाणांचे रिव्ह्यू वाचतो आणि तिथे पोचून पंजाबी, चायनीज, इटालियन, थाय अशी दहा पानी यादी उघडतो. यादी दहा पानी असली तरी मागे मुदपाकखाना एकच असतो, आणि बऱ्याचदा लाल ग्रेव्हीही एकच असते. बुधवारात उलटं आहे. प्रत्येक दुकान एक-दोनच जिन्नस करतं, आणि यादी रस्त्यावर पसरलेली असते. तिथल्या विविधतेचा हिशेब प्रांतावरून लागत नाही. तो कामावरून लागतो. जसं काम तशी भूक, आणि जशी भूक तसा जिन्नस.

अप्पा बळवंत चौकातली भूक घ्या. जून महिना, एका हातात शाळेने दिलेली यादी, दुसऱ्या हातात वह्यांचा गठ्ठा, बगलेत छत्री आणि शर्टाला लोंबकळणारं पोर. या माणसाला टेबल-खुर्ची देऊन उपयोग नाही, कारण बसला तर गठ्ठा ठेवायला जागा नाही आणि उठला तर रांगेतला नंबर गेलेला असतो. त्याचं खाणं एका हाताचं, उभ्याचं आणि चार घासांचं असलं पाहिजे. म्हणून तिथे वडापाव आणि साबुदाणा वडा नांदतात. चार पावलांवर तपकीर गल्ली आहे. तपकीर शोधत आता तिथे कुणी येत नाही, सगळा माल विजेचा आहे. पण त्या दुकानदाराची भूक वेगळी. तो गल्ला सोडून हलू शकत नाही, कारण गिऱ्हाईक 'सहा अँपियर की सोळा?' या प्रश्नावर अडकलेलं असतं. तेव्हा त्याचं खाणं त्याच्याकडे चालत यावं लागतं, आणि अडीच घोटांत संपावं लागतं. तो जिन्नस म्हणजे अमृततुल्य. पितळी पातेलं, शेजारी खलबत्ता, त्यात आलं-वेलची ठेचल्याचा टणटण आवाज, दुधात साखर आणि पत्ती घालून ऊतू जाईपर्यंत उकळणं, पुन्हा खाली बसवणं, मग फडक्यातून गाळणं. हे सगळं मालक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मांडी घालून करतो. त्यामुळे चहात काय घातलं ही शंका राहत नाही, फक्त एवढी साखर का घातली ही राहते. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४ सालचं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत पुण्यात चहाला नवनवी नावं आली, पण तपकीर गल्लीतल्या माणसाला लागणारे अडीच घोट काही वाढले नाहीत.

तुळशीबागेतली भूक ही पायांची भूक आहे. नारो अप्पाजी खिरे यांनी पेशवाईत बांधलेल्या रामाच्या देवळाभोवती जो बाजार पसरला आहे, त्यात क्लिपांपासून कुकरच्या शिटीपर्यंत सगळं मिळतं, फक्त बसायला जागा मिळत नाही. दोन तास उभ्याने भाव पाडल्यावर माणसाला पहिली गरज खुर्चीची असते. पण नुसती खुर्ची कुणी विकत नाही, म्हणून तिच्यासोबत मिसळ घ्यावी लागते. तिथल्या बोळात श्रीकृष्ण भुवन आहे, आणि शनिवारी दुपारी त्याच्या दाराशी उभी असलेली रांग आधी बाकाकडे आशेने बघते, मग ताटलीकडे. पुणेरी मिसळीची बांधणी बघण्यासारखी असते. तळाला पोहे, त्यावर बटाट्याची भाजी, त्यावर शेव-चिवडा, मग बारीक कांदा, कोथिंबीर, आणि या सगळ्या इमारतीला पाण्याखाली घालणारा रस्सा. शेजारी पावाऐवजी ब्रेडची स्लाइस, जी पावाची सवय असलेला माणूस बघतो आणि खिन्न होतो. रस्सा संपला की जो जास्तीचा मागवायचा त्याला इथे 'सॅम्पल' म्हणतात. बाकीच्या जगात सॅम्पल आधी देतात, पुण्यात अर्धी मिसळ संपल्यावर. तिखटाने कान गरम झाले की पुढची भूक लागते ती आइस्क्रीमची, आणि तिची सोयही त्याच परिसरात आहे. जवळ फडके हौदाशी १९१२पासूनचं वैद्य उपाहारगृह आहे. तिथल्या मिसळीत लाल तर्रीऐवजी आलं-हिरव्या मिरचीचा रस्सा असतो. चालत दहा मिनिटांच्या आत एकाच पदार्थाच्या दोन पंथांचं दर्शन होतं, आणि दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना अडाणी समजतात.

लक्ष्मी रस्त्यावर भूक कुटुंबाने येते. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मिळून बारा-चौदा माणसं निघालेली असतात. त्यांतल्या आत्याबाईंना शालू पसंत नसतो, काकांना किंमत पसंत नसते आणि नवऱ्या मुलीला आत्याबाई पसंत नसतात. अशा जमावाला वडापाव चालत नाही, कारण वडापाव घेऊन माणसं पांगतात आणि पांगली की गट पाडतात. त्यांना एका पंगतीत बसवून वरण-भात, आमटी आणि गोड वाढणारं ठिकाण हवं. मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली पूना गेस्ट हाउस सुरू केलं, त्याची उपयुक्तता इथे कळते. बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मूकपटवाल्याने माणसांची तोंडं बंद ठेवण्याचा दुसरा मार्ग शोधला असावा, असं म्हणायचा मोह होतो. देवळाची भूक याहून निराळी. ती जागेवर भागवायची नसते, खोक्यात बांधून घरी न्यायची असते, म्हणून तिथे मिठाई. १८९२पासूनचे काका हलवाई याच पेठेतले, आणि १८९३पासून पुजल्या जाणाऱ्या गणपतीचं नावच मुळी दगडूशेठ हलवाई. देशात देवांना पर्वतांची, नद्यांची, राजांची नावं आहेत. मिठाईवाल्याचं आडनाव लावून मिरवणारा आणि त्यात काडीचाही कमीपणा न मानणारा देव बुधवार पेठेलाच शोभतो. अक्षय्य तृतीयेला त्याच्यापुढे ११,००० आंब्यांचा नैवेद्य मांडतात, आणि ते आंबे पुढे ससून रुग्णालयातल्या रुग्णांपर्यंत जातात. बुधवारातल्या खाण्याची रीत देवालाही चुकलेली नाही. येणारा आला दर्शनाच्या कामाला, आणि आंबा मिळाला भलत्यालाच.

आता त्या गल्ल्या, ज्यांच्यामुळे आवाज खाली येतो. खाण्याच्या नकाशावर त्या कोऱ्या सोडायची पद्धत आहे, जणू तिथे कुणाला पोटच नाही. प्रत्यक्षात तिथल्या बायका कर्नाटकातून, आंध्रातून, पश्चिम बंगालमधून, नेपाळमधून आलेल्या आहेत, आणि माणूस कितीही हताश होऊन गाव सोडो, जिभेची सवय बरोबर घेऊनच येतो. जिला लहानपणापासून मासळी-भात लागतो तिला पुणेरी गोड वरण किती दिवस पुरणार? शेजारच्या सराफी पेढ्यांमागे दागिने घडवणारे बंगाली कारागीर बसतात, त्यांचीही भूक तीच. म्हणून या भागातल्या लहान खानावळी, रात्री उशिरापर्यंत तापलेल्या भुर्जीच्या गाड्या आणि जिन्यांवरून वरखाली करणारे डबे यांचं वेळापत्रक शहराच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. सदाशिव पेठ झोपते तेव्हा इथे जेवणाची वेळ होते. शहरातला प्रतिष्ठित माणूस 'ऑथेंटिक' बंगाली जेवणासाठी कुठेतरी दूर मोठ्या रकमेचं ताट शोधत असतो. ते ज्यांच्या रोजच्या गरजेचं आहे ती माणसं त्याच्या दर्शनाच्या रांगेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. हसायचं असेल तर त्याच्या या शोधाला हसावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ही कसली विविधता? मिसळ, चहा, पेढे, वरण-भात, सगळं तर अस्सल पुणेरी. पण हे 'अस्सल पुणेरी' जरा उलटं करून त्याचं लेबल वाचावं. अमृततुल्याचा चहा पुण्याला दिला तो राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. दगडूशेठ हे कर्नाटकातून आलेल्या लिंगायत घराण्यातले. मिसळीबरोबरची स्लाइस तर पाश्चात्त्यांच्या भट्टीतून आली, आणि साबुदाण्याचं झाड मुळात इथलं नव्हे, तरी त्याच्याशिवाय पुण्याची एकादशी पार पडत नाही. पुण्यात एखादा पदार्थ पन्नास वर्षं टिकला की तो पुणेरी होतो, आणि शंभर वर्षं टिकला की तो इतरांना पुणेरीपणा शिकवू लागतो. बुधवार पेठ ही या नागरिकत्वाची कचेरी आहे. अर्ज घ्यायचा, गिऱ्हाईक येतं का बघायचं, आणि आलं तर शिक्का मारायचा. बाहेरून आलेल्या माणसांना एवढ्या लवकर सामावून घेण्याचं काम पुण्याच्या इतर कुठल्या कचेरीला जमलेलं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा: गाडी लावायला जागा नाही, गर्दी आहे, बाक अरुंद आहे, आणि दुकानदार तिरसट आहे. यातलं पार्किंगचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला याहून भक्कम पुरावा दुसरा नाही. केवळ खाण्यासाठी गाडी घेऊन बुधवारात जाणारा माणूस विचारी म्हणता येणार नाही. म्हणूनच तिथलं दुकान सजावटीवर, दिव्यांवर, भिंतीवरच्या सुविचारांवर पैसे घालत नाही. गिऱ्हाईक आधीच आलेलं आहे, दुसऱ्याच्या खर्चाने. पैसे उरतात ते जिन्नसात जातात, नाहीतर मालकाच्या खिशात. पण जिन्नस बिघडला तर गिऱ्हाईक शेजारच्या पायरीवर चढतं, हे मालकाला माहीत असतं. तिरसटपणाचं म्हणाल तर ती ख्याती मुख्यतः राहत्या पेठांची. बाजीराव रस्त्यावरच्या चितळ्यांच्या मिठाईच्या दुकानाची एक ते चारची बंद दुपार साऱ्या महाराष्ट्राच्या विनोदाला पुरली, आणि २०१७ साली दुकान दुपारीही उघडं राहू लागलं तेव्हा विनोदी लेखकांवर बेकारीची पाळी आली. बाजाराच्या पेठेला असली दुपार परवडत नाही, कारण तिचं गिऱ्हाईक नेमकं एक ते चारमध्येच भुकेलेलं असतं. इथे 'बसून गप्पा मारू नयेत' अशी पाटी असली तर ती अपमानासाठी नसते. मागे उभ्या असलेल्या आत्याबाईंसाठी असते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. जुने रहिवासी वाडे सोडून कोथरूड-सिंहगड रस्त्याकडे गेले, तेव्हा पेठ आता संपली, खाणंही संपणार, असं हळहळून म्हटलं जातं. यातलं पहिलं खरं, दुसरं त्यातून निघत नाही. बुधवारचं खाणं राहणाऱ्यांवर कधी चाललंच नव्हतं. राहणारा घरी जेवतो. ते चाललं येणाऱ्यांवर, आणि येणारे कमी झालेले नाहीत, हे तुळशीबागेत एकदा खांदा लागला की कळतं. धोका दुसरीकडे आहे. क्रमिक पुस्तक ॲपवरून घरी आलं, होल्डर उद्या सकाळपर्यंत दारात पडला, शालू व्हिडिओवर पसंत झाला, दर्शन ऑनलाइन झालं, तर काम संपतं, आणि कामाबरोबर भूकही संपते. घरपोच आलेल्या पुस्तकाच्या खोक्यात वडापावची भूक पॅक करून येत नाही. मिसळही घरपोच मागवता येते म्हणा, पण डब्यातून आलेल्या मिसळीत शेव आधीच मऊ पडलेली असते आणि सॅम्पल मागायला समोर कुणी नसतं. म्हणजे ज्यांना बुधवारातलं खाणं जपायचं आहे त्यांनी वारसा-फेऱ्या काढण्यापेक्षा साधी गोष्ट करावी: एक वही, दोन बल्ब आणि एक डझन क्लिपा स्वतः जाऊन आणाव्यात. पुढचं पोट बघून घेईल.

या सगळ्याचा सर्वांत जुना साक्षीदार तुळशीबागेतच बसला आहे. त्याचं नाव खरकट्या मारुती. बाहेरगावाहून बाजाराला आलेली माणसं त्याच्यापाशी शिदोरी सोडून जेवत, खरकटं तिथेच सांडे, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पलीकडे सदाशिव पेठेत उपाशी विठोबा आहे, आणि दोन पेठांच्या स्वभावाबद्दल याहून जास्त काही लिहायची गरज नाही. कामाला आलेला माणूस, त्याची भाकरी, आणि त्याच्या उष्ट्याने न विटाळणारा देव: बुधवारातल्या प्रत्येक बाकड्यावर आजही हाच कारभार चालू आहे. तेव्हा पुढच्या वेळी तुळशीबागेत मिसळ खाल्ली किंवा लक्ष्मी रस्त्यावर पंगतीला बसलात, आणि घरी गेल्यावर कुठे जेवलात असं कुणी विचारलं, तर तुळशीबाग, सिटी पोस्ट, एबीसी अशा आडोशाला उभं राहू नका. बिल खिशात असेलच. रकमेकडे बघून झालं की दुकानाच्या नावाखालची बारीक अक्षरातली ओळ मोठ्याने वाचून दाखवा. तिथे बहुधा छापलेलं असतं: बुधवार पेठ, पुणे २.